देवळाचें वय : फणसवाडी ते वाळकेश्वर

१

गिरगांवांतील वाड्यांचीं नांवें घेत गेलें म्हणजे एखाद्या जुन्या बागेंत हिंडल्यासारखें वाटतें. केळेवाडी, आंबेवाडी, जांभूळवाडी, कांदेवाडी आणि फणसवाडी. झाडें गेलीं, मळे गेले, विहिरी बुजल्या. नांवें मात्र लोकांच्या तोंडीं टिकून राहिलीं. इमारती ज्या गोष्टी विसरतात त्या नांवें पुष्कळदां लक्षांत ठेवितात, हा स्थलनामांचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे. ठाकुरद्वार आणि भुलेश्वर यांच्या दरम्यानच्या या फणसवाडींत श्रीवेंकटेशाचें देऊळ आहे. मुंबईकर त्यास फणसवाडीचा बालाजी म्हणतात.

जुन्या पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनीं एकदां आम्हांस प्रश्न केला, "मास्तर, हें देऊळ ऐतिहासिक म्हणावयाचें कीं नाहीं?" आम्हीं तत्काळ "नाहीं" म्हणून उत्तर दिलें. देऊळ विसाव्या शतकांत बांधलेलें, घाटणी दक्षिणेकडची, आणि जागेस पूर्वीं तीर्थ म्हणून कांहीं प्रसिद्धि नाहीं. मग त्यास ऐतिहासिक कशाच्या बळावर म्हणावें? स्नेह्यांनीं पुन्हां विचारिलें, "मग वाळकेश्वर?" आम्ही म्हणालों, "त्याविषयीं शंकाच नको." तेव्हां ते हंसून म्हणाले, "वाळकेश्वराचें देऊळ तरी ज्या रामचंद्रांच्या नांवावर आपण जुनें म्हणतां, त्यांच्या वेळचा एक तरी दगड तेथें दाखवितां काय?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. पुढें एके दिवशीं मुद्दाम पहांटे फणसवाडीस आणि तिसऱ्या प्रहरीं वाळकेश्वरास जाऊन आम्ही त्या प्रश्नाचा विचार केला. जें मनांत आलें तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

२

फणसवाडीच्या देवळांत शिरणारास प्रथम दिसतें तें द्राविड घाटणीचें गोपुर. गिरगांवांतील उतरत्या छपरांच्या आणि लांकडी कठड्यांच्या चाळींमधून येणाऱ्या मनुष्यास तें एकदम परक्या प्रांतांत आल्यासारखें भासतें. आंत पूजेचा सर्व क्रम रामानुज संप्रदायाचा. आम्ही गेलों तेव्हां सुप्रभात चाललें होतें. सुप्रभात, स्तोत्र, प्रपत्ति आणि मंगलाशासन असे या पाठाचे चार भाग आहेत. तो पाठ आज घरोघर यंत्रांतून ऐकूं येतो, त्यामुळें तो कोणी आणि केव्हां रचिला हा प्रश्न फारसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंपरेनें त्याचें कर्तृत्व प्रतिवादिभयंकर अण्णा यांजकडे दिलेलें आहे. हे वरवरमुनींचे, म्हणजेच मणवाळ मामुनींचे, शिष्य होत. आणि वरवरमुनींचा काळ चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पंधराव्याच्या पूर्वार्धापर्यंतचा आहे. वादांत प्रतिपक्ष्यास भय उत्पन्न करणारा असें जें बिरुद या आचार्यांस मिळालें तेंच पुढें त्यांच्या वंशाचें नांव झालें. कांची येथील त्याच प्रतिवादिभयंकर पीठाशीं फणसवाडीच्या देवस्थानाचा संबंध आहे.

तीर्थ घेतल्यावर अर्चकानें आमच्या मस्तकावर चांदीचा टोप क्षणभर ठेविला. त्यावर भगवंताचीं पावलें असतात व त्यास शठारि म्हणतात. महाराष्ट्रांतील देवळांत हा प्रकार सहसा आढळत नाहीं, म्हणून पुष्कळ भाविक त्यास नुसता आशीर्वाद समजतात. परंतु शठारि किंवा शठकोप हें नम्माळ्वारांचें नांव आहे. देवाचीं पावलें म्हणजेच तो भक्त, अशी ही समजूत. नम्माळ्वारादि आळ्वारांचीं तमिळ पद्यें एकत्र करून त्यांचा पाठ देवळांत सुरू करण्याचें श्रेय संप्रदाय नाथमुनींस देतो. आणि नाथमुनींचा काळ सामान्यतः दहाव्या शतकाच्या आसपास धरितात. म्हणजे नव्या भिंतींच्या आंत घडणारी ही लहानशी क्रिया हजार वर्षांच्या एका परंपरेचें टोंक होय.

या परंपरेचा फणसवाडीच्या आसपासचा माग या देवळाच्याहि मागें जातो, आणि तो दगडांत न सांपडतां छापील पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर सांपडतो. फणसवाडीपासून पायीं जाण्याच्या अंतरावर खेतवाडी आहे. तेथील श्रीवेंकटेश्वर छापखान्याचा आरंभ राजपुतान्यांतून आलेल्या खेमराज श्रीकृष्णदास यांच्या कुटुंबानें १८७१ सालीं केला. संस्कृताचा अभ्यास केलेल्या आमच्या पिढींतील कोणाच्याहि हातीं या छापखान्याचें एक तरी पुराण आल्यावांचून राहिलें नसेल. रुंद पोथीच्या आकाराचे ते ग्रंथ, त्यांतील ठसठशीत टाईप, आणि मुखपृष्ठावरील श्रीवेंकटेशाचें नांव हीं आम्हांस विद्यार्थिदशेपासून परिचित आहेत. याच छापखान्यानें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस समग्र स्कंदपुराण छापिलें, आणि त्याच्या वैष्णवखंडाचा आरंभच वेंकटाचलमाहात्म्यानें होतो. तेव्हां दक्षिणेचा वेंकटेश, मारवाडांतील त्याचे उपासक आणि मुंबईंतील मुद्रक यांचा मेळ या भागांत पूर्वींच बसलेला होता. गोपुर मागाहून उभें राहिलें.

खुद्द तिरुमलेची गोष्ट पाहावी. तेथें आणि तिरुपतीस मिळून हजारावर शिलालेख आहेत. विजयनगरचा कृष्णदेवराय १५१३ पासून पुढें सात वेळां तेथें आला, हें आपण त्या लेखांच्या आधारें ठामपणें सांगूं शकतों. आणि ते लेख तरी आपोआप आपल्या हातीं आलेले नाहींत. साधु सुब्रह्मण्य शास्त्री यांनीं ते उतरून घेतले, त्यांवरील अहवाल १९३० सालीं प्रसिद्ध केला, आणि मग ते भिंतींवरून अभ्यासकांच्या मेजावर आले. भिंतीवरचा लेख जोंपर्यंत कोणी वाचून उतरीत नाहीं तोंपर्यंत तो इतिहासाचें साधन होत नाहीं. तो नुसता दगडावरचा नक्षीचा भाग राहतो.

३

यावरून आमच्या मनांत असें आलें कीं, देवळाचें वय एका आंकड्यांत सांगण्याची आपली संवय सदोष आहे. देवळास तीन वयें असतात. पहिलें स्थानाचें, म्हणजे ती जागा पवित्र केव्हांपासून मानली गेली याचें. दुसरें उपासनेचें, म्हणजे ज्या देवाची ज्या रीतीनें पूजा होते त्या परंपरेचें. मूर्तीचें वयहि आम्ही यांतच धरितों. तिसरें वास्तूचें, म्हणजे चुना, दगड व लांकूड यांचें. फणसवाडींत उपासना हजार वर्षांची, वास्तु विसाव्या शतकांतील, आणि स्थानाचें वय वास्तूइतकेंच. हीं तिन्ही वयें वेगवेगळीं न लिहितां "प्राचीन" किंवा "अर्वाचीन" असा एकच शिक्का मारला म्हणजे वाद सुरू होतो, आणि दोन्ही पक्ष आपापल्या परी खरे असतात.

मुंबईंतील आणखी दोन उदाहरणें घेऊं. परळास १९३१ सालीं रस्त्याचें काम चालू असतां शिवाची एक प्रचंड शिला सांपडली. एकाच पाषाणांतून मध्यभागीं एकावर एक तीन आणि दोहों बाजूंस चार अशा सात आकृति उगवल्यासारख्या कोरल्या आहेत. पायाशीं वाद्यें वाजविणारे गण आहेत. कलेचे अभ्यासक तिचा काळ साधारणतः पांचव्या-सहाव्या शतकाचा मानितात. म्हणजे घारापुरीच्या लेण्यांच्या पंगतीस बसणारी ही मूर्ति. आज ती परळच्या बारादेवीच्या देवळांत पूजिली जाते. येथें मूर्ति शहरांतील अत्यंत जुन्यांपैकीं एक, वास्तु नवी, आणि शिवाच्या मूर्तीवर नांव मात्र देवीचें. केवळ नांव किंवा केवळ इमारत पाहून मत देणारा मनुष्य येथें हमखास फसेल.

मुंबादेवीची गोष्ट उलट आहे. ज्या देवीवरून शहरास नांव पडलें तिचें मूळ ठाणें बोरीबंदराच्या बाजूस होतें, आणि तेथून तें अठराव्या शतकांत हल्लींच्या जागीं आलें, असें परंपरा व गॅझेटियर दोन्ही सांगतात. कोळ्यांची ही देवता किल्ल्याच्या परिसरांतून निघून सराफकट्ट्याच्या शेजारीं येऊन बसली. उपासना अखंड राहिली, स्थान बदललें, वास्तु बदलली. नव्या ठिकाणीं देवळापुढें तळें होतें, तेंहि पुढें बुजविलें गेलें. मुंबईंत देव स्थिर आणि लोक फिरते असें नसून, लोकांबरोबर देवहि बिऱ्हाडें बदलीत आले आहेत. हें ध्यानांत आलें म्हणजे वाळकेश्वराकडे पाहण्याची दृष्टि मिळते.

४

तिसऱ्या प्रहरीं आम्ही वाळकेश्वरास पोहोंचलों. डोंगरावरून पायऱ्यांच्या गल्लीनें खालीं उतरावें, दोहों बाजूंस धर्मशाळा, मठ आणि लहान देवळें लागावींत, आणि एकदम बाणगंगेचें चौकोनी तळें समोर यावें. चारी बाजूंस पायऱ्या, कांठावर दीपमाळा, आणि पलीकडे थोड्याच अंतरावर खारा समुद्र. समुद्राच्या इतक्या जवळ गोड्या पाण्याचा झरा असणें ही गोष्टच अशी आहे कीं, तिच्यासाठीं कोणत्याहि काळच्या मनुष्यानें कथा रचिली असती. आम्हांस वाटतें, या स्थानाचें मूळ लिंगापेक्षां या पाण्यांत शोधावें. खलाशास, कोळ्यास आणि किनाऱ्यानें प्रवास करणाऱ्या यात्रेकरूस गोड्या पाण्याहून मोठें तीर्थ नाहीं; तीर्थ या शब्दाचा अर्थहि मुळांत पाण्याचा उतारच होय.

कथा सर्वांस ठाऊक आहे. सीतेच्या शोधार्थ जात असतां रामचंद्र येथें राहिले. लक्ष्मण रोज रात्रीं काशीहून त्यांच्या पूजेसाठीं लिंग आणीत असे. एके दिवशीं त्यास उशीर झाला, तेव्हां रामांनीं किनाऱ्यावरच्या वाळूचें लिंग करून पूजा केली. तहान लागली तेव्हां बाण मारून पाणी काढिलें. वालुका आणि ईश्वर यांच्या संधीनें वालुकेश्वर. मराठींत लकाराचा ळकार होऊन व मधला उकार गळून वाळकेश्वर. व्युत्पत्ति निर्दोष आहे. त्यामुळें कथेच्या घडणीकडे अधिक बारकाईनें पाहिलें पाहिजे.

वाळूचें लिंग आणि उशिरा येणारें दुसरें लिंग हें कथानक रामेश्वरासहि आहे. तेथें लिंग आणावयास मारुति गेला आणि वाळूचें लिंग सीतेनें केलें. तेव्हां सेतुबंधाच्या क्षेत्राची कथा पश्चिम किनाऱ्यावर येतांना पात्रें बदलून आली असावी असा आमचा तर्क आहे. दुसरी गोष्ट. आगमग्रंथांत जीं क्षणिक लिंगें सांगितलीं आहेत त्यांत सैकत, म्हणजे वाळूच्या, लिंगाची गणना आहे. पूजा झाली कीं त्याचें विसर्जन करावयाचें असतें. ज्या देवाचें नांवच वाळूवरून पडलें त्याची मूळ मूर्ति दाखवा असें म्हणणें म्हणजे शास्त्राचा विपर्यास होय. वाळूचें लिंग टिकण्यासाठीं नसतेंच. टिकते ती पूजा.

कथेस एक शेपूट आहे आणि इतिहासाच्या दृष्टीनें तेंच अत्यंत महत्त्वाचें. म्लेंच्छांस, म्हणजे पोर्तुगीजांस, पाहतांच लिंगानें समुद्रांत उडी घेतली, असें सांगतात. मुंबई बेट पोर्तुगीजांकडे गेलें तें गुजराथच्या बहादूरशहाशीं १५३४ मध्यें झालेल्या तहानें. तेव्हां कथेचा हा भाग सोळाव्या शतकापूर्वींचा असूं शकत नाहीं. म्हणजे एकाच माहात्म्यांत किमान दोन थर आहेत. वरचा थर आपणांस काय सांगतो? येथील देव त्या काळीं दिसेनासा झाला, आणि तो कोणीं फोडिला किंवा नेला असें म्हणण्याऐवजीं तो आपण होऊन गेला असें म्हणणें लोकांच्या मनास अधिक सोसवलें. मलबार पॉइंटाच्या, म्हणजे हल्लींच्या राजभवनाच्या, बाजूस जुन्या देवळाचे कोरीव दगड पडलेले होते, असें गेल्या शतकांतील वर्णनांत आढळतें. कथेची उडी आणि ते विखुरलेले दगड यांची सांगड घातली कीं दंतकथा साक्षीदार होते.

त्याच टोंकाशीं खडकांत श्रीगुंडी नांवाची फट होती. तींतून पार होणारास नवा जन्म मिळतो अशी श्रद्धा. एडवर्ड मूर यानें १८१० च्या आपल्या ग्रंथांत या फटीची हकीकत दिली असून राघोबादादांनीं ती पार केल्याचें म्हटलें आहे. पेशवाईवरचा आपला हक्क इंग्रजांच्या आश्रयानें मिळवूं पाहणारा हा पुरुष मुंबईंत राहून गेला ही गोष्ट प्रसिद्धच आहे. एकीकडे तहनामे आणि दुसरीकडे खडकाच्या फटींतून पुनर्जन्म, अशा दोन मार्गांनीं तो आपली सुटका शोधीत होता असें म्हणावें लागतें.

५

वाळकेश्वराच्या जुनेपणाविषयीं आणखी एक विधान वारंवार केलें जातें. बाणगंगेचें तळें इ. स. ११२७ मध्यें शिलाहारांचा अमात्य लक्ष्मण प्रभु यानें बांधिलें, असें फलकांपासून पुस्तकांपर्यंत सर्वत्र आढळतें. हें विधान आम्ही खोटें म्हणत नाहीं. परंतु तें कोणत्या प्रतीच्या पुराव्यावर उभें आहे हें पाहणें आपलें कर्तव्य आहे.

ठाण्याच्या शिलाहारांचा काळ मंदिरनिर्मितीचा होता यांत संशय नाहीं. अंबरनाथच्या देवळांत शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, लेख आहे. ११२७ च्या सुमारास पहिला अपरादित्य गादीवर होता. हाच तो अपरार्क, ज्याच्या नांवावर याज्ञवल्क्यस्मृतीवरील विस्तृत टीका आहे. पुण्याच्या आनंदाश्रमानें ती १९०३-०४ मध्यें छापिली. काश्मीरच्या मंख कवीच्या श्रीकंठचरितांत, कोंकणाधिपति अपरादित्यानें पाठविलेला तेजकंठ नांवाचा पंडित तेथील विद्वत्सभेंत उपस्थित असल्याचा उल्लेख आहे. ज्या राजाचा पंडित काश्मीरापर्यंत जात होता त्याच्या अमात्यानें मुंबई बेटावर एक तळें बांधविणें अगदीं संभवनीय आहे.

पण संभव म्हणजे सिद्धि नव्हे. याच बेटांवर शिलाहारांचा पुरावा हवा असेल तर तो परळास सांपडलेला आहे. दुसऱ्या अपरादित्याचा, इ. स. ११८७ च्या सुमाराचा, हा शिलालेख संस्कृतांत सुरू होतो आणि शेवटीं शापाच्या ओळींत मराठीवर येतो. दान मोडणारास गाढवाचा शाप देणारी ती गद्धेगाळ वाचतांना हंसूं येतें. पण त्या ग्राम्य ओळींतच बाराव्या शतकांतील मुंबई बेटाची बोली आपणांस ऐकूं येते. परळचा लेख हा अस्सल दस्तऐवज, अंबरनाथचा लेख अस्सल, आणि ११२७ हा आंकडा मात्र परंपरेचा. तिघांसहि मान द्यावा. परंतु तिघांस एका आसनावर बसवूं नये.

६

वाळकेश्वराच्या हल्लींच्या देवळाचा इतिहास सुरू होतो तो १७१५ सालीं, आणि तेथें आपण पहिल्यानें पक्क्या जमिनीवर पाय ठेवितों. त्या सालीं रामाजी कामत या सारस्वत गृहस्थानें देवळाचा जीर्णोद्धार केला. इंग्रजी कागदांत त्यास रामा कामाटी म्हणतात. तो मोठा व्यापारी होता, कंपनीच्या शिबंदीवर त्याची हुकमत होती, आणि हिंदु समाजाचा मुखत्यार म्हणून त्याचें वजन होतें. किल्ल्यांतील इंग्रजांचें सेंट थॉमस देवालय १७१८ च्या नाताळांत उघडलें, तेव्हां रामाजी आपल्या जातभाईंसह तेथें आला आणि बाहेर उभा राहून त्यानें तो विधि कौतुकानें पाहिला, असें त्या देवालयाच्या धर्मगुरूनें, रिचर्ड कॉब यानें, लिहून ठेविलें आहे. तीन वर्षांपूर्वीं ज्यानें आपल्या देवाचें घर उभारिलें तो मनुष्य परक्यांच्या देवाच्या दारीं अदबीनें उभा आहे, असें हें चित्र आहे. मुंबईच्या इतिहासांत याच्या तोडीचीं चित्रें थोडीं सांपडतील.

पुढें दोन वर्षांच्या आंत त्याचें दैव फिरलें. १७१८ मध्यें गव्हर्नर चार्ल्स बून यानें कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरीवर स्वारी केली आणि ती फसली. अपयशास धनी लागतो. १७२० मध्यें रामाजीवर आरोप आला कीं, त्यानें कान्होजीशीं गुप्त पत्रव्यवहार करून खांदेरीच्या मोहिमेची बातमी आधींच कळविली. पुरावा म्हणून एक पत्र पुढें करण्यांत आलें. त्याच्या कारकुनाच्या अंगठ्यांना लोखंडी पेंच लावून त्याजकडून जबानी वदवून घेतली. रामाजीस दोषी ठरविलें, त्याची मालमत्ता जप्त केली, आणि बंदिवासांतच त्याचा अंत झाला. या खटल्याचे कागद पाहून पुढील लेखकांनीं तें पत्र बनावट असल्याचाच निष्कर्ष काढिला. फिरोज मलबारी यांच्या १९१० च्या मुंबईविषयक ग्रंथांत त्याचा सविस्तर ऊहापोह आहे.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेक जण जुन्या कागदांचे संग्राहक आहेत, म्हणून या प्रकरणाकडे त्यांनीं विशेष लक्ष द्यावें अशी विनंति आहे. आपण दंतकथेस अविश्वसनीय म्हणतों आणि कागदास प्रमाण मानितों. येथें काय दिसतें? लिंगानें समुद्रांत उडी घेतल्याची दंतकथा सोळाव्या शतकांतील एका खऱ्या घटनेकडे बोट दाखविते. आणि तारीख, मजकूर व न्यायसभेचा शिक्कामोर्तब लाभलेला कागद एका मनुष्यास खोटा मारतो. तो कागद खोटा आहे हेंहि आपणांस कळतें तें इतर कागदांवरूनच, हें अर्थात् विसरतां येत नाहीं. पेंच लावल्याची नोंद दफ्तरांत राहिली म्हणूनच जबानीचें मोल आपण ठरवूं शकतों. कागदाची परीक्षा कागदानें व्हावी, आणि कथेची परीक्षा तिच्या थरांनीं व्हावी. दोघांपैकीं कोणासहि विनाचौकशी सोडूं नये आणि विनाचौकशी फांशींहि देऊं नये.

आणखी एक विचार मनास चटका लावून जातो. खटल्याचे कागद कंपनीच्या दफ्तरांत राहिले, कारण तें सरकारी काम होतें. देवळाच्या बांधकामाचा जमाखर्च, कोणत्या पाथरवटास काय दिलें, प्राणप्रतिष्ठा कोणत्या तिथीस झाली, ब्राह्मणांस दक्षिणा किती वांटली, हें सर्व असावयाचें घरच्या चोपड्यांत. आणि घर तर जप्त झालें. ज्या मनुष्याच्या नाशाची हकीकत पानेंच्या पानें मिळते त्याच्या पुण्यकर्माची हकीकत एका ओळींत संपते. इतिहासाचीं साधनें कोणाच्या घरीं टिकतात आणि कोणाच्या घरीं नाश पावतात याचा हा धडा आहे. त्याचें देऊळ मात्र उभें आहे. बाणगंगेचें तळें व देवस्थान यांची व्यवस्था आजहि गौड सारस्वत ब्राह्मणांच्या विश्वस्त मंडळाकडे आहे. कागद गेले तरी जातभाईंनीं देव सोडिला नाहीं.

७

आतां आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे वळूं. वाळकेश्वराचीं तीन वयें अशीं : स्थान पोर्तुगीजांपूर्वींचें निश्चित, शिलाहारांइतकें संभवनीय, उपासना स्थानाबरोबरची, मध्यें खंड पडून पुन्हां जोडलेली, वास्तु मूळची १७१५ ची, आणि तीहि मागाहून डागडुजी व भर पडत आलेली. फणसवाडीचीं वयें वर सांगितलींच. दोन्ही देवळें ऐतिहासिक आहेत. पण दोहोंचा इतिहास एका वहींत एकाच रकान्यांत लिहितां येत नाहीं. गोविंद नारायण माडगांवकरांनीं १८६३ मध्यें 'मुंबईचें वर्णन' लिहिलें, आणि के. रघुनाथजींनीं १९०० मध्यें मुंबईंतील हिंदु देवळांची यादी प्रसिद्ध केली. त्यांच्या पुढें जावयाचें तर प्रत्येक देवळापुढें हे तीन रकाने आंखून ते भरण्यास आरंभ केला पाहिजे.

हें काम निकडीचें आहे. २०२४ सालच्या जून महिन्यांत बाणगंगेच्या दुरुस्तीच्या कामांत गाळ काढण्यासाठीं तळ्यांत अवजड यंत्र उतरविलें गेलें आणि जुन्या पायऱ्यांस इजा पोहोंचली. वर्तमानपत्रांत चार दिवस हळहळ झाली. काम जीर्णोद्धाराचें होतें आणि हेतु चांगला होता. म्हणूनच तें अधिक विचार करण्यासारखें आहे. पायरी ही वास्तूच्या वयाची साक्ष. तिच्यावरील टांक्यांच्या खुणा, दगडांचे सांधे, चुन्याचा थर हीं त्या दस्तऐवजाचीं अक्षरें होत. तो दस्तऐवज फाटला तर त्याची दुसरी प्रत कोठल्याहि दफ्तरांत मिळावयाची नाहीं.

म्हणून संग्राहक मित्रांस आमची एवढीच सूचना आहे. पोथी हातीं आली कीं आपण तिची पुष्पिका प्रथम पाहतों. लेखकाचें नांव, शक, मास, तिथि, गांव उतरून घेतों. देवळाच्याहि पुष्पिका असतात. उंबऱ्यावर, घंटेच्या कडेवर, समईच्या बुडाशीं, दीपमाळेच्या जोत्यावर, प्रभावळीच्या पाठीमागें दात्यांचीं नांवें आणि शक कोरलेले असतात. उंबऱ्यावर नवी फरशी बसते, जोत्यास तैलरंग लागतो, जुनी घंटा मोडींत जाते, आणि त्याबरोबर एक शक कायमचा बुडतो. आपल्या घराजवळच्या एका तरी देवळाच्या अशा पुष्पिका प्रत्येकानें उतरून घ्याव्या, ठसे घ्यावे, आणि ज्या पुजाऱ्यांच्या व विश्वस्तांच्या घरीं जुन्या कीर्द-खतावण्या आहेत त्या पाहण्याची परवानगी विनयानें मागावी. लेख नवा असला तरी तो टाळूं नये. फणसवाडीच्या देवळांतील आजची साधी देणगीची पाटी दोनशें वर्षांनंतरच्या अभ्यासकास परळच्या लेखाइतकी मोलाची वाटणार आहे.

संध्याकाळीं तळ्याच्या कांठीं आम्ही थोडा वेळ बसलों. पायऱ्यांवर एक गृहस्थ कोणाच्या तरी श्राद्धाचे पिंड पाण्यांत सोडीत होते, आणि शेजारीं गुरुजी नांव-गोत्राचा उच्चार करवून घेत होते. पित्याचें नांव आलें, आजाचें आलें, पणजाच्या नांवाशीं गृहस्थ अडले. गुरुजींनीं नांव ठाऊक नसतां शास्त्रानें जो उच्चार सांगितला आहे तो करून संकल्प पुरा केला. शास्त्रानें ही सवलत श्राद्धकर्त्यास दिली आहे. इतिहास लिहिणारास ती दिलेली नाहीं.